रेसिडेंट, वकिलाचा खून आणि तहाचे कलम : माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या पुणे कारकिर्दीतील एक प्रकरण (१८१४ ते १८१७)

बडोद्याच्या गायकवाडाचा वकील, म्हणजे राजदूत, गंगाधरशास्त्री पटवर्धन याचा खून जुलै १८१५ मध्ये आषाढीच्या यात्रेच्या दिवसांत पंढरपुरात झाला. पेशवाईच्या अखेरीचा इतिहास सांगताना या घटनेचा उल्लेख टाळता येत नाही. मात्र बहुतेक वेळा ती दुसऱ्या बाजीरावाच्या किंवा त्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्या चरित्रातील एक प्रसंग म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत लेखात हे प्रकरण पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सीतून, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा पुणे दरबारातील वकील माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या बाजूने तपासले आहे. त्याला कोणती माहिती कधी मिळाली, वरून हुकूम नसताना त्याने कोणते निर्णय घेतले आणि कोणती गोष्ट मनात असूनही कागदावर आणली नाही, हे येथे पाहायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की एल्फिन्स्टनने खुनाचा छडा लावला नाही. आरोप कोणावर ठेवायचा आणि कोणावर ठेवायचा नाही, हे त्याने ठरवले, आणि दोन वर्षांनी त्याच आरोपाला तहाच्या कलमात कबुलीचे रूप मिळाले.

एल्फिन्स्टनचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा तो चौथा मुलगा, म्हणजे घराणे मोठे असले तरी वारसा वाट्याला येण्याची शक्यता नसलेला. अशा मुलांसाठी कंपनीची नोकरी ही रुळलेली वाट होती. १७९६ च्या आरंभी तो कलकत्त्यात उतरला आणि तिथून बनारसला गेला. जानेवारी १७९९ मध्ये अवधचा पदच्युत नवाब वजीर अली याने बनारसमध्ये चेरी या इंग्रज अधिकाऱ्याचा त्याच्या राहत्या घरी खून केला आणि शहरातील इतर युरोपीयांवर माणसे घातली. त्या दिवशी एल्फिन्स्टन घोड्यावरून निसटला म्हणून वाचला. तेव्हा त्याचे वय एकोणीस होते. दरबारी भेटीगाठींच्या आडून वकिलाचा जीव कसा घेतला जातो, हे इतक्या लहान वयात जवळून पाहिलेल्या माणसाने सोळा वर्षांनी पंढरपूरची बातमी कशा मनाने वाचली असेल, याबद्दल ठाम विधान करता येणार नाही. पण हा दुवा नजरेआड करण्यासारखाही नाही.

पुण्याशी त्याचा संबंध १८०२ पासूनचा. रेसिडेंट बॅरी क्लोज याचा मदतनीस म्हणून तो येथे आला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात होळकराने हडपसरजवळ पेशव्याचा व शिंद्याचा पराभव केला. बाजीराव वसईला गेला व ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तैनाती फौजेचा तह केला. पुढच्या वर्षी कंपनीचा मुत्सद्दी जॉन माल्कम आजारी पडल्यामुळे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीबरोबर राजकीय कामासाठी एल्फिन्स्टनची नेमणूक झाली आणि आसई, आडगाव व गाविलगड या तिन्ही ठिकाणी तो हजर होता. त्याची धडाडी पाहून, तू पेशा चुकलास, तू शिपाईच व्हायला हवे होतेस, असे वेलस्ली त्याला म्हणाल्याचे सांगतात. त्यानंतर १८०४ ते १८०८ तो नागपूरला भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट होता. १८०८ च्या अखेरीस काबूलच्या शाह शुजाकडे जाणाऱ्या वकिलातीचे नेतृत्व त्याच्याकडे आले. १८०९ मध्ये पेशावरला भेट झाली, तहही झाला, आणि थोड्याच अवधीत शाह शुजाचे तख्तच गेल्यामुळे तो तह निरुपयोगी ठरला. राजकीय दृष्ट्या ही स्वारी निष्फळ म्हणावी लागेल, पण तिच्यातून अफगाण मुलखाची जी बारीक माहिती त्याने जमवली ती १८१५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १८११ मध्ये तो पुण्याला रेसिडेंट म्हणून परतला, तेव्हा पर्शियन उत्तम जाणणारा, फुरसतीत ग्रीक नाटककार वाचणारा आणि पहाटे घोड्यावरून रपेट केल्याशिवाय चैन न पडणारा असा तो बत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा मुत्सद्दी होता.

रेसिडेंटचे काम कागदोपत्री वकिलाचे होते, परंतु वसईच्या तहानंतर त्याचे स्वरूप बदलले होते. पेशव्याने परराज्यांशी कंपनीला वगळून बोलणे करू नये, आणि गायकवाडाशी असलेल्या हिशेबाच्या तंट्यात कंपनीची मध्यस्थी मान्य करावी, अशी बंधने त्या तहात होती. ती पाळली जातात की नाही, हे पाहणे रेसिडेंटकडे आले. त्यासाठी बातमी लागे. बाळाजीपंत नातूसारखी माणसे एल्फिन्स्टनच्या कामी होती, आणि वाड्यातल्या हालचाली संगमावर पोचायला फारसा वेळ लागत नसे. क्लोजच्या काळापासून दरबाराशी बोलणे खुर्शेदजी जमशेदजी मोदी या पारशी कारभाऱ्यामार्फत होई. तो पेशव्याच्या बाजूनेही गुंतला आहे असे दिसल्यावर एल्फिन्स्टनने त्याला मधून दूर केले आणि पेशव्याशी थेट व्यवहार सुरू केला. १८१५ च्या आरंभी खुर्शेदजी विषाने मेला. ते त्याने स्वतः घेतले की त्याला कोणी दिले, यावर तेव्हाही एकमत नव्हते. मधला माणूस गेल्यावर रेसिडेंट आणि दरबार यांच्यामध्ये कोण उभा राहणार, हा प्रश्न उरला, आणि त्या जागी त्रिंबकजी आला.

त्रिंबकजी डेंगळे हा संगमनेरजवळच्या निंबगाव जाळीचा पाटील. जासूद म्हणून त्याने सुरुवात केली. १८०२ च्या पळापळीत बाजीरावाचे पत्र पोचवून विलक्षण वेगाने उत्तर आणल्यामुळे तो नजरेत भरला आणि चढत चढत मुख्य कारभारी झाला. इंग्रजांविषयीचा तिटकारा त्याने कधी लपवला नाही. एल्फिन्स्टनच्या लेखी तो सुरुवातीपासून धोकादायक माणूस होता, आणि पुढे पुरावा तोलताना हा पूर्वग्रह तागडीत नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

आता तंट्याकडे वळू. पेशव्याचा अहमदाबादेतील हिस्सा १८०४ मध्ये साडेचार लाख रुपये सालाने दहा वर्षांसाठी गायकवाडाला इजाऱ्याने, म्हणजे वसुलीच्या मक्त्याने, दिलेला होता. १८१४ मध्ये मुदत संपत होती. बडोद्याला इजारा पुढे चालू हवा होता. पुण्याला तो परत घेऊन गुजरातेत पुन्हा पाय रोवायचे होते. याशिवाय गायकवाडाकडील जुन्या थकबाकीचे मोठे हिशेब तुंबलेले होते, आणि त्यांत दोन्ही बाजूंचे दावे एकमेकांत अडकलेले होते. हे सारे मिटवण्यासाठी बडोद्याहून गंगाधरशास्त्र्याला पाठवायचे ठरले. तो कंपनीच्या भरवशाचा माणूस होता आणि पुणे दरबारी त्याचे शत्रू होते, म्हणून त्याने आधी कंपनीकडून स्वतःच्या जीविताची हमी मागितली व ती त्याला मिळाली. या हमीमुळेच पुढे गायकवाडाच्या वकिलाचा खून हा कंपनीचा मामला ठरला. हमी दिली नसती, तर रेसिडेंटला निषेधाचे पत्र लिहून थांबता आले असते.

शास्त्री पुण्यात आला तेव्हा एल्फिन्स्टनने त्याचे जे वर्णन लिहून ठेवले ते वाचण्यासारखे आहे. माणूस संस्कृतचा मोठा पंडित, पण ऐट सारी इंग्रजी. भराभर चालतो, भराभर बोलतो, दुसऱ्याचे वाक्य मध्येच तोडतो, आणि पेशव्याला व त्याच्या कारभाऱ्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत मूर्ख आणि हरामखोर म्हणतो. या वर्णनात कौतुक आहे, थट्टाही आहे. परंतु पुणे दरबारात पिढीजात वावरलेल्या माणसांना ही चालढब कशी वाटत असेल, याचा अंदाज त्याच ओळींवरून येतो, आणि आपण ज्याची हमी घेतली तो माणूस स्वतःच स्वतःचे शत्रू वाढवत आहे, हे एल्फिन्स्टनला दिसत होते.

बोलणी रेंगाळली. १८१४ मध्येच अहमदाबादेचा सुभा त्रिंबकजीच्या नावे झाला, म्हणजे इजाऱ्याचा प्रश्न पुण्याने आपल्या बाजूने निकालात काढला. बडोद्यात शास्त्र्यामुळे कारभारातून दूर झालेला सीताराम रावजी याचीही माणसे, बंडोजी आणि भगवंतराव गायकवाड, पुण्यात येऊन बाजीरावाच्या कानाशी लागली होती. यातून काही निघत नाही असे पाहून शास्त्र्याने परत जावे, असे मत रेसिडेन्सीतूनही पडले. तेव्हा वाऱ्याची दिशा एकाएकी बदलली. बाजीराव आणि त्रिंबकजी यांनी शास्त्र्याला गोंजारायला सुरुवात केली. पुण्यात कारभारीपद देण्याचे बोलणे निघाले, शास्त्र्याच्या मुलाशी पेशव्याच्या मेहुणीचे लग्न ठरले आणि त्याची तयारी नाशिकास होऊ लागली. शास्त्र्यानेही सात लाखांचा मुलूख लावून देऊन थकबाकी मिटवण्याची तडजोड पुढे केली. ती बडोद्याला मान्य झाली नाही. धन्याची मान्यता नसताना पेशव्याच्या घरात सोयरीक करणे शास्त्र्याला अवघड वाटू लागले आणि त्याने लग्न लांबणीवर टाकले. आपल्या बायकोला त्याने पेशव्याच्या जनान्यात जाऊ दिले नाही, हेही बाजीरावाच्या मनाला लागले. लग्नघरची तयारी होऊन लग्न मोडणे हा कोणत्याही घरात अपमानच. इथे तर तो पेशव्याच्या घरचा होता.

नाशिकानंतर बाजीराव पंढरपूरला निघाला आणि त्याने शास्त्र्याला थोड्या माणसांनिशी बरोबर यावे असा आग्रह धरला. एल्फिन्स्टन मात्र वेरूळची लेणी पाहायला गेला. ज्याच्या जिवाची हमी आपण दिली आहे त्याला एकटे सोडून रेसिडेंट लेणी पाहत होता, असा ठपका त्याच्यावर ठेवता येतो. त्याच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की पेशव्याच्या धर्मयात्रेत इंग्रज वकिलाने सोबत असावे अशी दरबाराची इच्छा नव्हती, आणि लग्नाच्या बोलण्यामुळे शास्त्र्यावर मेहेरनजर आहे असेच वरवर दिसत होते.

पंढरपुरातील त्या संध्याकाळची हकिगत शास्त्र्याच्या माणसांच्या सांगण्यावरून जुळवलेली आहे. शास्त्र्याची प्रकृती बरी नव्हती. त्रिंबकजीकडून निरोप आला की देवळात दर्शनाला यावे. त्याने नकार दिला. गर्दी ओसरली आहे, आता यावे, असा पुन्हा निरोप आला. त्यालाही नकार गेला. तिसऱ्यांदा बोलावणे आले तेव्हा मुद्दाम टाळतो आहोत असे वाटू नये म्हणून तो मोजक्या बिनहत्यारी माणसांसह निघाला. वाटेत गर्दीत कोणीतरी, यात शास्त्री कोणता, असे विचारले, आणि कंठी घातलेला तो, असे उत्तर आले. तेव्हा त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. देवदर्शन झाले, त्रिंबकजीशी दोन शब्द झाले, आणि परतीच्या वाटेवर मागून धावत आलेल्या माणसांनी शास्त्र्यावर तलवारी चालवल्या. मारेकरी नंग्या तलवारींनिशी देवळाच्या दिशेने पळताना दिसले.

एल्फिन्स्टनला बातमी वेरूळच्या मुक्कामी कळली. तो पुण्याला परतला आणि त्याने माहिती गोळा करायला आरंभ केला. शास्त्र्याचे कारकून व नोकर, तसेच गायकवाडाचा पुण्यातील जुना वकील बापू मैराळ यांच्याकडून त्याने हकिगती घेतल्या. बातमीदारांकडून दरबारातील बोलणे काढले. जे जमले ते असे होते. त्रिंबकजीने तीनदा बोलावणे पाठवले होते. मारेकरी देवळाकडे गेले, पण झडती झाली नाही. यात्रेच्या गर्दीत, पेशव्याची छावणी पडलेली असताना, नाकेबंदी झाली नाही आणि कोणी पकडले गेले नाही. उलट या विषयावर छावणीत बोलू नये असे हुकूम सुटले. सीतारामाची माणसे त्रिंबकजीच्या आश्रयाला होती. स्वतः बाजीराव पुण्यात परतला तो अंधार पडल्यावर, बंद पालखीतून.

यांपैकी एकही गोष्ट खुनाचा हुकूम कोणी दिला हे सिद्ध करीत नाही. मारेकऱ्यांपैकी कोणाचाही जबाब एल्फिन्स्टनजवळ नव्हता. त्याच्यापुढचा पुरावा परिस्थितिजन्य होता, आणि त्यातील मोठा भाग खुनानंतर काय केले गेले नाही याचा होता. एखाद्या न्यायाधीशाने तो अपुरा ठरवला असता. मराठी इतिहासलेखनातही त्रिंबकजीचा हात, बाजीरावाची संमती आणि बडोद्याच्या विरोधी पक्षाचा वाटा यांवर मतभेद राहिले, याचे कारण मूळ पुराव्याची ही अवस्था आहे. माझ्या मते त्रिंबकजीवरचा संशय सबळ होता. पण सबळ संशय आणि शाबीत गुन्हा यांतले अंतर एल्फिन्स्टनने कधीच ओलांडले नाही, आणि ओलांडण्याची गरज पडू नये अशीच त्याने मांडणी केली.

ती मांडणी हा या प्रकरणाचा गाभा आहे. एल्फिन्स्टनच्या समोर तीन वाटा होत्या. पेशव्यालाच खुनी ठरवायचे, तर लढाई अटळ होती. आणि त्या वेळी कंपनी नेपाळच्या युद्धात गुंतलेली होती. खुनाचा तपास पेशव्यावर सोपवायचा, तर तो होणारच नव्हता, आणि हमीची किंमत शून्य झाली असती. तिसरी वाट अशी की दोष पूर्णपणे त्रिंबकजीवर ठेवायचा, पेशव्याला त्याच्या नावानिशी बाजूला काढायचे, आणि मग पेशव्याकडूनच त्रिंबकजीची मागणी करायची. एल्फिन्स्टनने तिसरी वाट घेतली. बाजीरावाची संमती असावी असा त्याचा खाजगी ग्रह होता. पण दरबाराला दिलेल्या कागदात त्याने तो येऊ दिला नाही.

त्याने पेशव्याला लिहिलेल्या पत्राचा रोख पाहण्यासारखा आहे. आपल्या दरबारात परराज्याच्या वकिलाचा खून झाला आहे. तुमच्या धर्माच्या एका मोठ्या सोहळ्यात, जवळजवळ देवळातच, एका ब्राह्मणाची हत्या झाली आहे. आणि गुन्हेगार मोकळे राहिल्यामुळे खुद्द सरकारविषयी नको ते बोलले जाऊ लागले आहे, असा त्याचा आशय होता. या पत्रात कंपनीच्या हमीवर भर नाही. भर आहे तो बाजीरावाला नाकारता येणार नाहीत अशा दोन गोष्टींवर, ब्रह्महत्या आणि क्षेत्रमाहात्म्य यांवर. पेशवा ब्राह्मण, दानधर्म आणि तीर्थयात्रा यांसाठी प्रसिद्ध. त्याच्याच मापाने त्याला मोजले की उत्तर देणे अवघड. शेवटच्या वाक्यात धमकी आहे, पण ती लोकांच्या तोंडी घातलेली आहे. परक्या दरबाराची नाडी ओळखणाऱ्या वकिलाचा हा कागद आहे, आणि लष्करी बळ मागे असल्यामुळेच त्याला वजन आले, हेही तितकेच खरे.

बाजीरावाने आधी वेळ काढला. पुरावा द्या, चौकशी करू, दोषी ठरला तर शिक्षा देऊ, असे उत्तर आले. ही मागणी वरवर रास्त होती. एल्फिन्स्टनने ती फेटाळली, कारण त्रिंबकजी अधिकारावर असेपर्यंत त्याच्याविरुद्ध तोंड उघडायला कोणी धजणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. हेही रास्त होते. मात्र त्रिंबकजी कैद झाल्यानंतरही चौकशी झाली नाही, आणि तेव्हा ती टाळण्याचे कारण पेशव्याकडे नव्हे, कंपनीकडे होते. खुल्या चौकशीत बाजीरावाचे नाव आले असते, तर ज्या मांडणीवर समेट उभा होता तीच कोसळली असती.

बोलण्याबरोबर फौजेच्या हालचाली सुरू झाल्या. शिरूरची तैनाती फौज हाताशी होती, जालन्याकडील फौजेलाही तयारीचा इशारा गेला. गव्हर्नर जनरलशी पत्रव्यवहाराला वेळ लागत असल्यामुळे सुरुवातीची मागणी एल्फिन्स्टनने स्वतःच्या जबाबदारीवर केली आणि मंजुरी मागून आली. बाजीरावाने प्रथम त्रिंबकजीला साताऱ्याच्या बाजूला वसंतगडावर ठेवले. तेवढ्याने भागेना, तेव्हा सप्टेंबर १८१५ मध्ये त्याला कंपनीच्या हवाली केले. बंडोजी आणि भगवंतराव यांनाही ताब्यात द्यावे लागले. बंदुकीचा एक बार न काढता रेसिडेंटने पेशव्याच्या मुख्य कारभाऱ्याला उचलले होते. यापेक्षा मोठे राजनैतिक यश त्या काळात क्वचितच कोणाला मिळाले असेल, आणि ते पुरते वर्षभरही टिकले नाही.

त्रिंबकजीला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. फितुरी होऊ नये म्हणून पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा ठेवला होता. त्यांना मराठी येत नव्हते. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे नोकरीला राहिलेला मराठा मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, घोडा फिरवायला त्रिंबकजीच्या खिडकीखालून जाई आणि जाता जाता गाणी म्हणे; त्या गाण्यांतून बेत, घोड्यांची सोय आणि माणसांची संख्या आत पोचत होती. १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी रात्री त्रिंबकजी एका भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेर पडला. फितुरीवर उपाय म्हणून केलेली व्यवस्थाच पथ्यावर पडली. हे गाणे पुढे इतके गाजले की कलकत्त्याचा इंग्रज बिशप हीबर याने दहाएक वर्षांनी त्याच्या काही ओळी इंग्रजीत उतरवून ठेवल्या.

यानंतरचे महिने लपंडावाचे आहेत. त्रिंबकजी संगमनेर, नाशिक, खानदेशाच्या डोंगरांत भिल्ल आणि रामोश्यांची माणसे जमवत राहिला. १८१७ च्या आरंभी शंभू महादेवाच्या डोंगररांगांत आणि नातेपुत्याच्या बाजूला जमाव दिसू लागला. पेशव्याची माणसे तिकडे जाऊन आली आणि बंडखोर कुठेच नाहीत असे कळवू लागली. पुण्याहून पैसा जातो आहे, असे एल्फिन्स्टनचे बातमीदार सांगत होते. बाजीरावाला बाजूला काढण्याची १८१५ ची मांडणी इथे अडचणीची ठरली. पेशवा निर्दोष आहे असे दोन वर्षे लिहून ठेवल्यावर तो कैद्याला पैसे पुरवतो आहे असे म्हणायचे, तर आधीचे सारे लिहिणे खोटे पडत होते.

एल्फिन्स्टनने कलकत्त्याकडे सूचना मागितल्या. त्या वेळी ओरिसात पाइकांचा, म्हणजे तिथल्या स्थानिक शिपायांचा, उठाव पेटला होता आणि कटकच्या बाजूने जाणारी टपाल तुटली. उत्तराची वाट पाहावी तर मे महिना संपत आला असता, आणि पावसाळ्यात फौजा हलवणे कठीण. ७ मे १८१७ रोजी त्याने हुकमाशिवाय निर्वाणीची मागणी केली. एक महिन्यात त्रिंबकजी द्यावा, आणि तोपर्यंत तारण म्हणून सिंहगड, पुरंदर व रायगड ताब्यात द्यावेत, अशी ती मागणी होती. दुसऱ्या दिवशी फौजेने पुण्याला वेढा दिला. बाजीरावाने किल्ले दिले आणि त्रिंबकजीला पकडून देणाऱ्यास दोन लाखांचे बक्षीस जाहीर केले. या सक्तीनंतर कलकत्त्याच्या सूचना हाती आल्या, आणि त्या एल्फिन्स्टनच्या मागणीपेक्षा पुष्कळ पुढच्या होत्या. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला नवा तह हवा होता.

१३ जून १८१७ च्या पुणे तहात पेशव्याने त्रिंबकजीला शास्त्र्याचा खुनी म्हणून मान्य केले, त्याला पकडण्याचे वचन दिले आणि तो सापडेपर्यंत त्याचे कुटुंब ओलीस ठेवण्याचे कबूल केले. मराठा मंडळाच्या, म्हणजे मराठा सरदारांच्या संघाच्या, प्रमुखपदावरील हक्क सोडला. परराज्यांचे वकील ठेवायचे नाहीत आणि पाठवायचे नाहीत असे ठरले. चौतीस लाखांचा मुलूख कंपनीच्या वाढीव फौजेच्या खर्चासाठी गेला, अहमदनगरचा किल्लाही गेला. गायकवाडाकडील सारी थकबाकी साल चार लाखांवर तोडली, आणि अहमदाबादेचा इजारा साडेचार लाखांनी गायकवाडाला कायमचा मिळाला. ज्या हिशेबासाठी शास्त्री पुण्यात आला होता तो असा मिटला.

या कलमांची जुळणी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. खुनाचे कलम आणि चौतीस लाखांचे कलम यांचा कार्यकारण संबंध कागदावर कुठेही सिद्ध केलेला नाही. गुन्हा त्रिंबकजीचा आणि दंड पेशव्याचा, हे गणित फक्त तेव्हाच जुळते जेव्हा पेशवाही गुन्ह्यात सामील मानला जातो. आणि तसे मानण्याचे १८१५ मध्ये एल्फिन्स्टनने जाणूनबुजून टाळले होते. या तहाच्या अटी हेस्टिंग्जच्या होत्या आणि एल्फिन्स्टनला त्या कडक वाटल्या असाव्यात असे त्याच्या एकूण स्वभावावरून वाटते. तरी वाटाघाटी त्याने केल्या आणि सही त्याच्या हातून झाली.

अशा तहानंतर शांतता राहणार नाही, हे एल्फिन्स्टनला कळत होते. ऑगस्टमध्ये माल्कम माहुलीला बाजीरावाला भेटला आणि त्याच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवून परतला. तिन्ही किल्ले परत देण्यात आले. एल्फिन्स्टनचा या आश्वासनांवर विश्वास नव्हता, परंतु त्याने माल्कमला आडकाठी केली नाही. पुढच्या दोन महिन्यांत पेशव्याचा सेनापती बापू गोखले याच्या हाताखाली फौज जमत गेली. एल्फिन्स्टन संगमावरून हलला नाही. आधी हललो तर आपणच लढाई सुरू केली असे होईल, हे त्याचे कारण होते. १ नोव्हेंबरला कंपनीच्या पलटणी गारपिरावरून खडकीला गेल्या. ५ नोव्हेंबरला पेशव्याचा शेवटचा निरोप आला, आणि मग रेसिडेंट व त्याची माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी नदी ओलांडून निघाली. मागे रेसिडेन्सी लुटली गेली आणि जाळली गेली. त्याचे ग्रंथ, टिपणे आणि कागद त्यात गेले. त्याच दुपारी खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला पुणे पडले आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन होऊन साल आठ लाखांच्या नेमणुकीवर बिठूरला गेला.

एल्फिन्स्टनच्या पुढच्या कारकिर्दीचा हिशेब इथे सविस्तर मांडण्याची गरज नाही. तो जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर झाला, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता, आणि जुन्या पंचायती व इनामे शक्यतो न मोडण्याचे धोरण त्याने धरले. १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली ती ब्राह्मणांना द्यायच्या दक्षिणेच्या पैशातून, म्हणजे बाजीरावाच्याच एका जुन्या खर्चाला दिलेल्या नव्या वळणातून. गव्हर्नर जनरलचे पद त्याने दोनदा नाकारले आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडात सरे परगण्यात तो वारला. महाराष्ट्रात त्याची जी प्रतिमा उरली ती शिक्षणाचा पुरस्कर्ता आणि समंजस राज्यकर्ता अशी. ती खोटी नाही. फक्त त्या समंजस कारभाराला मुलूख कसा मिळाला, हा भाग तिच्यात सहसा येत नाही.

त्रिंबकजी १८१८ च्या जूनअखेर नाशिकच्या बाजूला सापडला. या वेळी त्याला अखेर गंगाकाठच्या चुनारच्या किल्ल्यात पाठवले. हीबर १८२४ मध्ये त्याला तिथे भेटला, त्या वेळी एल्फिन्स्टन मुंबईच्या गव्हर्नरपदावर होता. १८२९ मध्ये त्रिंबकजी चुनारलाच मरण पावला. ठाण्यातल्या वर्षभरात किंवा चुनारच्या अकरा वर्षांत शास्त्र्याच्या खुनाबद्दल त्याच्यावर कोणत्याही न्यायासनापुढे खटला चालला नाही.